शितावरून डेटाची परीक्षा

मराठी घरात मोजल्याशिवाय काही आत येत नाही आणि मोजल्याशिवाय काही बाहेर जात नाही. दुधाचे खाडे कॅलेंडरवर फुलीने नोंदलेले असतात, सिलिंडर कधी लावला ती तारीख शेजारच्याच चौकोनात असते, इस्त्रीला गेलेल्या शर्टांची संख्या वहीत असते, आणि रद्दी तोलली जात असताना घरातलं निदान एक माणूस काट्याकडे न बघितल्यासारखं करून बघत असतं. साखरेच्या डब्याने महिनाअखेरीच्या चार दिवस आधी तळ दाखवला, तर चौकशी समिती नेमायचीच काय ती बाकी राहते. अशा या घरात माणशी रोज दीड जीबी नावाचा एक माल येतो, दिवसभर खर्च होतो आणि रात्री ‘डेटा संपला’ या दोन शब्दांत त्याचे दिवसवार उरकले जातात. कशात संपला, कुणी संपवला, सकाळी तर भरलेला होता, असं कुणी विचारत नाही. डेटाला मराठीत ‘विदा’ असा एक घडवलेला शब्द आहे. हिंदीत विदा म्हणजे निरोप. शब्द घडवणाऱ्यांच्या मनात हे नसणार, पण वापरणाऱ्यांच्या अनुभवाशी तो तंतोतंत जुळतो. हा पाहुणा आला कधी ते कळत नाही. कळतं ते एकदम निरोपाच्या वेळी.

या बेहिशेबीपणाचं सर्वांत देखणं रूप रात्री साडेअकराला दिसतं. अनेक पॅकमध्ये रोजचा कोटा मध्यरात्री बाद होतो. पानात टाकू नये या संस्कारात वाढलेला माणूस चारशे एमबी शिल्लक पाहून अस्वस्थ होतो आणि वाया जाऊ नयेत म्हणून, डोळे मिटत असताना, कुणीतरी गंजलेली विळी घासून चकचकीत करतानाचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघतो. उरलेली पोळी संपवण्यासाठी भूक लागेपर्यंत जागं राहावं, तसा हा प्रकार. काटकसरीच्या पोटी उधळपट्टी जन्मते, ती अशी. 2016 साली जिओ आलं आणि पुरवून पुरवून वापरायची ही वस्तू पायलीचे पन्नास झाली, हे खरं. पण स्वस्त तर मीठही आहे, तरी ते आमटीत किती पडतं यावर आपलं लक्ष असतं. मीठ दिसतं, डेटा दिसत नाही. दिसत नाही त्याचं माप नाही आणि माप नाही त्याचं तारतम्य नाही. मग हा अदृश्य माल दाखवायचा कसा? हे काम गेली तीसेक वर्षं काही चित्रकार-शिल्पकारांनी अंगावर घेतलेलं आहे. त्यांच्या खटाटोपाकडे नीट पाहिलं, तर एक गोष्ट ध्यानात येते. डेटा दाखवायचा म्हटला की कलावंताला आधी ढीग सुचतो. ढीग पाहून डोळे विस्फारतात खरे, पण कळत काहीच नाही. कळायला लागतं ते माप हाताएवढं झाल्यावर.

आधी ढिगांकडे जाऊ, कारण ते लांबूनही दिसतात. डच कलावंत एरिक केसल्स यांनी 2011 मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या फोम या छायाचित्र संग्रहालयात एक प्रयोग केला. फ्लिकरवर 24 तासांत चढलेले फोटो त्यांनी कागदावर छापून घेतले आणि खोल्यांमध्ये ओतले. फोटोंच्या टेकड्या भिंतीला टेकल्या होत्या आणि लोक त्यांतून वाट काढत होते. धान्याचं खळं पाहिलेल्या माणसाला हे दृश्य परिचयाचं वाटावं, फक्त इथे उफणायला कुणी नव्हतं. दाणा आणि भुसा सगळं एकत्र. पुढे 2013 मध्ये अमेरिकी कवी केनेथ गोल्डस्मिथ यांनी याच्यावर कडी केली. अख्खं इंटरनेट छापून काढूया, असं त्यांनी जगाला आवाहन केलं आणि मेक्सिको सिटीतल्या लेबर नावाच्या कलादालनात लोकांनी पाठवलेला सुमारे 10 टन कागद येऊन पडला. त्यामागे गंभीर कारण होतं. अभ्यासनिबंध मोठ्या प्रमाणात उतरवून घेतल्याबद्दल खटला भरला गेलेल्या आणि त्याच वर्षी आयुष्य संपवलेल्या अ‍ॅरन स्वार्ट्झ या तरुणाला ती आदरांजली होती. पण कृपा करून इंटरनेट छापू नका, असा विनंतीअर्जही लोकांनी काढला, आणि तो बहुधा न छापता, ऑनलाइनच, सह्यांसाठी फिरवला. तिसरे मायकल मँडिबर्ग. त्यांनी 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या डेनी गॅलरीत इंग्रजी विकिपीडिया ग्रंथरूपात मांडला. मजकुराचे खंड 7,473, नुसत्या अनुक्रमणिकेचे 91 आणि ज्यांनी त्यात लिहिलं त्यांच्या नावांचे 36. आपल्या मराठी विश्वकोशाचे 20 खंड पूर्ण व्हायला काही दशकं लागली आणि ते ठेवायला कपाट मिळेना म्हणून कित्येक घरांत ते आलेच नाहीत. मँडिबर्ग यांनी मात्र शहाणपणा केला. छापले फक्त 106 खंड. बाकीच्यांपैकी काहींच्या पाठी भिंतीला लावलेल्या कागदावर छापल्या. ढिगाच्या कलेतला हा पहिला समंजस माणूस, कारण ढीग पुरा करण्यात अर्थ नाही हे त्याला ढीग रचतानाच कळलं.

ढिगाची अडचण अशी की तो पाहणाऱ्याला दोषमुक्त करतो. दहा टन कागदात माझे कागद किती, हा प्रश्न कुणाच्या मनात येत नाही. ‘केवढं हे!’ असं म्हणून माणूस त्या ढिगासमोर उभा राहून फोटो काढतो, तो चार गटांत पाठवतो, आणि अशा रीतीने ढिगात चार फोटोंची भर टाकून घरी जातो. गणेशोत्सवातला भव्य देखावा पाहून आल्यावर हिमालय किती उंच हे जसं कळत नाही, मंडळाची वर्गणी किती जमली असेल एवढंच कळतं, तसंच हे.

आता ढीग सोडून एका दोरीकडे येऊ. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात 1995 च्या सुमारास नॅटली जेरेमिजेन्को या कलावंत बाईंनी छताला एक छोटी मोटर बसवली आणि तिला प्लास्टिकची आठ फुटी दोरी लटकवली. मोटर जवळून गेलेल्या नेटवर्कच्या केबलला जोडलेली होती. केबलमधून माहितीचा कण गेला की मोटरला बारीकसा झटका बसायचा. कामाचा जोर असला की दोरी गरगरत, घूं घूं आवाज करत फिरायची; सगळं शांत असलं की काही सेकंदांनी एकदा पाल चुकचुकावी तशी हलायची. मार्क वायझर आणि जॉन सीली ब्राऊन या तिथल्या शास्त्रज्ञांनी या दोरीवर कौतुकाने लिहिलं, आणि त्यांनी नोंदवलेला एक तपशील फार मोलाचा आहे: दोरी व्हरांड्याच्या एका विनावापराच्या कोपऱ्यात होती. कुणी मुद्दाम तिच्यासमोर जाऊन उभं राहत नव्हतं. जाता-येता डोळ्याच्या कडेला दिसायची, खोलीत बसल्या बसल्या कानावर पडायची. स्वयंपाकघरात कुकर लावून बाहेरच्या खोलीत पेपर वाचणाऱ्या माणसाला शिट्ट्या मोजाव्या लागत नाहीत, तरी तीन झाल्या हे त्याला कळतं. त्या दोरीने डेटाला शिट्टी दिली. तिला ना दहा टन कागद लागला, ना कलादालन, ना उद्घाटनाला पाहुणा.

दोरीच्या जातीची आणखीही कामं आहेत. 2011 मध्ये तिमो आर्नाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्लोच्या रस्त्यांवरून 80 दिवे लावलेली चार मीटर उंच काठी फिरवली. जिथे वायफायचा जोर जास्त, तिथे जास्त दिवे लागायचे, आणि रात्रीच्या फोटोंत तो जोर प्रकाशाच्या पडद्यासारखा उमटला. पालखीपुढे अब्दागीर चालावी तशी ही काठी अदृश्यापुढे चालली. जॉर्जिया लुपी आणि स्टेफनी पोसावेक या दोघींनी न्यूयॉर्क आणि लंडनहून 52 आठवडे एकमेकींना पोस्टकार्डं पाठवली. आठवडाभरात घड्याळ किती वेळा पाहिलं अशासारखी आपलीच किरकोळ माहिती मोजायची आणि हाताने रंगवून टपालात टाकायची. आणि म्युनिकजवळच्या, रोज रेल्वेने कामाला जाणाऱ्या एका जर्मन बाईंनी 2018 सालभर एक मफलर विणला. रोज दोन ओळी. गाडीला पाच मिनिटांपर्यंत उशीर तर करड्या, अर्ध्या तासापर्यंत गुलाबी, त्याहून जास्त तर लाल. त्या मफलरचा लिलाव झाला आणि धर्मादाय कामासाठी 7,550 युरो मिळाले. रेल्वेकडे उशिराचे आकडे होतेच. पण आकडा गळ्यात घालता येत नाही.

या सगळ्यांपासून धडा घेऊन घरातलं एखादं माप डेटाला लावता येईल का? तांदूळ लावून पाहू. तशी परंपराही आहे. बर्मिंगहॅमच्या स्टॅन्स कॅफे या नाटक कंपनीने एक दाणा म्हणजे एक माणूस असं ठरवून तांदळाच्या ढिगांतून लोकसंख्येचे आकडे मांडले आणि 2005 मध्ये श्टुटगार्टला सगळ्या जगासाठी 104 टन तांदूळ वापरला. आपण माणसांऐवजी शुभेच्छा मोजू. प्रचलित यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात, रोमनला 1. (मराठीला इंग्रजीपेक्षा तिप्पट जागा लागते, ही गोष्ट काही जणांच्या भाषणात लवकरच येईल.) ‘शुभ सकाळ’ यात काना-उकार धरून सात चिन्हं, म्हणजे 21 बाइट, मधल्या मोकळ्या जागेचा एक, एकूण 22. तांदळाचा दाणा ढोबळमानाने वीस-बावीस मिलिग्रॅमचा. म्हणजे ‘शुभ सकाळ’ बरोबर एक दाणा, आणि हिशेब सरळ झाला: बाइटला मिलिग्रॅम, केबीला ग्रॅम, एमबीला किलो, जीबीला टन. आता त्याच ‘शुभ सकाळ’मागे उगवता सूर्य, पुढे वाफाळता चहा आणि कडेला दव पडलेला गुलाब आला, की चित्र 100 केबीचं होतं, म्हणजे 100 ग्रॅम. सांगायचा होता एक दाणा. आला वाटीभर तांदूळ. साडेचार हजार दाण्यांत शुभेच्छेचा दाणा एक, बाकी सगळा गुलाब. फोनने काढलेला साधा फोटो तीन-चार किलोंचा. आणि रोजचा दीड जीबी म्हणजे दीड टन, पन्नास किलोंची 30 पोती, तीही माणशी. श्टुटगार्टची 104 टनांची मानवजात या मापाने 128 जीबीच्या फोनमध्ये आरामात मावते आणि वर 24 जीबी गुलाबांना उरतात.

इथे वाचक म्हणेल, झालं, लेखकानेही शेवटी 30 पोत्यांचा ढीगच रचला. आक्षेप योग्य आहे. पण डोळ्यांपुढे ठेवायची ती पोती नव्हेत, दाणा आणि वाटी यांची जोडी. पोती पाहून माणूस घाबरतो आणि विसरतो. दाण्याशेजारी वाटी ठेवली की त्याला प्रमाण दिसतं, आणि प्रमाण एकदा दिसलं की पुसता येत नाही. कलावंत जोआना मोल यांनी 2019 मध्ये एका ऑनलाइन दुकानातून पुस्तक विकत घेतलं आणि त्या खरेदीत ब्राउझरने काय काय ओढून आणलं ते मोजलं. 1,307 मागण्या, 87.33 एमबी, आणि कागदावर छापला तर 8,724 पानं भरेल एवढा कोड. आपल्या तांदळाच्या भाषेत, एक पुस्तक आणायला गेलेल्या माणसाच्या डोक्यावर दुकानदाराने 87 किलोंचं ओझं दिलं, आणि त्यातला मोठा भाग गिऱ्हाईक काय बघतं, कुठे थांबतं हे टिपण्यासाठी. हमालीही गिऱ्हाइकाचीच. मोल यांनी ‘इंटरनेटवर इतकी अब्ज पानं कोड आहे’ असं म्हटलं असतं तर कुणी मान वर केली नसती. एका पुस्तकाशेजारी एका खरेदीचं बाड ठेवलं, म्हणून ते बोचलं. केसल्स यांच्या फोटोंच्या टेकडीत आणि या बाडात फरक आहे तो हा. टेकडीला शेजारी नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार, म्हणजे खरं तर वजनावरचाच आहे. डेटाला वजन नाही हीच त्याची थोरवी, त्याला पोत्यात भरून खाली का ओढायचं? डेटा ढगात असतो, असं आपल्याला सांगितलं गेलंय, आणि ढग म्हटलं की आपण मान वर करतो. पण हा ढग ऐरोलीत आणि महापेत आहे. नवी मुंबईत खिडक्या नसलेल्या इमारतींत यंत्रांच्या रांगा आहेत, त्या तापू नयेत म्हणून गारवा आहे आणि वीज जाऊ नये म्हणून जनरेटर आहेत. हा ढग देशोदेशी जातो तो समुद्राच्या तळातून, वर्सोव्याला किनाऱ्यावर येणाऱ्या केबलींमधून. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने 2024 मध्ये जगभरच्या डेटा सेंटरनी सुमारे 415 टेरावॉट-तास वीज घेतली, जगाच्या विजेच्या साधारण दीड टक्का. आयर्लंडमध्ये तर 2023 साली मीटरवर मोजलेल्या विजेतली 21 टक्के यांनीच खाल्ली. एवढं खाणाऱ्याला निराकार म्हणणं अध्यात्मात चालतं, बिलात चालत नाही.

पण हीच बाजू ताणली की दुसरं टोक येतं, आणि तिथे कलावंतांनी सावध राहायला हवं. 2019 मध्ये फ्रान्सच्या शिफ्ट प्रोजेक्ट या अभ्यासगटाच्या नावाने एक आकडा जगभर फिरला: अर्धा तास ऑनलाइन व्हिडिओ पाहिला की 1.6 किलो कार्बन डायऑक्साइड. पुढच्या वर्षी ऊर्जा संस्थेच्या जॉर्ज कामिया यांनी हिशेब तपासला तेव्हा तासाला सुमारे 36 ग्रॅम निघाले, म्हणजे जवळजवळ 90 पटींचा फरक. मूळ आकड्यात एक चूक होती ती बिट आणि बाइट यांच्या घोटाळ्याची. आठ बिटांचा एक बाइट, त्यामुळे नुसत्या एका अक्षराच्या चुकीने रक्कम आठपट. शेर आणि पायली यांत गल्लत करणारा वाणी गावात टिकला नसता. इथे तो मथळ्यात टिकला. तेव्हा डेटा दाखवताना भीती दाखवू नये. तुमचा एक गुलाब पृथ्वी तापवत नाही. तो जागा खातो. जानेवारी 2018 मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने सांगितलं होतं की भारतात तिघांपैकी एका स्मार्टफोनधारकाची जागा रोज संपते, अमेरिकेत दहांपैकी एकाची, आणि याला सकाळच्या शुभेच्छांचा मोठा हातभार आहे. जागा संपली की नातवाचा व्हिडिओ पुसायचा की मावसभावाचे गुलाब, असा धर्मसंकटाचा प्रसंग येतो, आणि शेवटी दोन्ही ठेवून नवा फोन घेतला जातो. कलेने बोट ठेवावं ते इथे. पाप मोजणारे पुष्कळ आहेत. कलेने प्रमाण मोजावं.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: फोनच्या सेटिंगमध्ये हा सगळा हिशेब असतोच की, रंगीत आलेखासकट. असतो. विजेचं मीटरही असतंच, पण ते जिन्याखाली असतं म्हणून आपण त्याला महिन्याने भेटतो. दुधाचा खाडा कॅलेंडरवर असतो, आणि कॅलेंडर स्वयंपाकघराच्या दाराशी, म्हणून तो चुकत नाही. माप अचूक असून भागत नाही, ते वाटेत आडवं यावं लागतं. चार वेळा बोट टेकवून ज्याच्यापर्यंत पोचायचं, त्या हिशेबाला देव्हाऱ्यातल्या पोथीचा मान मिळतो. आहे एवढं समाधान, उघडायची मात्र नाही. झेरॉक्सच्या दोरीने काय नवीन माहिती दिली? काहीच नाही. तिने फक्त माहितीला चालायच्या वाटेवर आणून टांगलं.

अशी दोरी एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या जिन्यात टांगली तर काय होईल, याची कल्पना मात्र करून ठेवावी. पहिल्या दिवशी लहान मुलं तिच्याभोवती जमतील. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, गुलाबांच्या वेळी, दोरी गरगरू लागेल. तिसऱ्या दिवशी रात्री दोनला ती का फिरत होती, याची चर्चा पाण्याच्या टाकीपाशी होईल, आणि चौथ्या दिवशी सेक्रेटरींची सूचना लागेल की दोरीबाबत सभासदांनी परस्पर तर्क करू नयेत. हसण्यावारी नेला तरी हा खरा आक्षेप आहे. जे दिसतं ते शेजाऱ्यालाही दिसतं, आणि मराठी शेजाऱ्याला दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांवरून घरात पाहुणे किती हे सांगता येतं. उत्तर त्या मूळ दोरीतच आहे. ती सगळ्यांचं मिळून सांगत होती, कुणा एकाचं नाव घेत नव्हती. आपला तपशील इतरांना दाखवायचा तर तो त्या जर्मन बाईंसारखा आपण स्वतः विणावा, आपल्या हाताने, आपल्या गळ्यासाठी. खासगी माप घरात, सार्वजनिक माप जिन्यात, एवढा विवेक आपल्याला दुधाच्या बाबतीत असतोच. पूर्ण इमारतीला किती लिटर येतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, कुणाचे किती खाडे हे ज्याच्या त्याच्या कॅलेंडरला.

राहिला शेवटचा प्रश्न, एवढं करून माणसं गुलाब पाठवणं थांबवतील का. नाही थांबवणार, आणि थांबवावं असंही नाही. कॅलेंडरवर खाडे लिहिल्याने कुणी चहा सोडलेला नाही. मात्र चहा कुणासाठी टाकला आणि कितींसाठी टाकला हे माहीत असलेला माणूस आधणाचं पाणी बेताने ठेवतो. आपल्याकडे भात शिजला की नाही हे पाहायला कुणी पातेलं पालथं करत नाही. एक शीत दाबून बघतात. डेटा दाखवणाऱ्या कलेने पातेलं पालथं करायचा मोह सोडून ते शीत नेमकं निवडावं, एवढंच मागणं आहे. हा लेखही त्याच मापाला घालून पाहता येईल. एवढा मजकूर यूटीएफ-8 मध्ये साधारण पस्तीस-चाळीस केबी, म्हणजे तितकेच ग्रॅम: एक मूठ तांदूळ. एका गुलाबाच्या निम्म्याहून कमी. कुणाला आवडला तर पुढे पाठवावा, पण कृपा करून, त्याचा फोटो काढून नको.